आकडा कोणाचा, ते आधी बघ

चि. बाळ,

तुझं पत्र परवा पोचलं. मशीन बसलं, सगळ्या तपासण्या पार पडल्या, रेडिओसर्जरीचे पहिले पेशंटही घरी गेले, हे वाचून फार बरं वाटलं. पण मी पुन्हा पुन्हा वाचलं ते शेवटचं पान. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका बाईंच्या मेंदूत सात गाठी निघाल्या आहेत. ट्यूमर बोर्डात एक ज्येष्ठ म्हणाले, "तीनच्या वर गाठी असल्या की सगळ्या मेंदूला शेक द्यायचा, वर्षानुवर्षं हेच करत आलोय." दुसऱ्यांनी मोबाइलवर एका पेपरचा सारांश उघडला आणि म्हणाले, "दहापर्यंत रेडिओसर्जरी चालते." आणि तू मला विचारतेस, मावशी, पेपरवर किती विसंबायचं आणि अनुभवावर किती?

अशी वाटणी करूच नकोस. त्या ज्येष्ठांचा अनुभव काही पेशंटांवरून आलेला आहे आणि मोबाइलवरचा पेपरही. दोघांना एकच विचारायचं: हे कोणत्या पेशंटांवरून कळलं, आणि त्यांचं काय मोजलं होतं? तेवढं समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, जे मोजलं ते माझ्यासमोर बसलेल्या बाईंच्या लेखी महत्त्वाचं आहे का? इतकी वर्षं या कामात घालवून मला सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच.

तू रोज वापरतेस ते आकडे आधी घे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला 24 ग्रे, दोन ते तीनला 18, तीन ते चारला 15. तुमच्या प्लॅनिंगच्या खोलीत हा तक्ता भिंतीवर असेलच. हे आकडे आले अमेरिकेतल्या आरटीओजी या गटाच्या 90-05 या अभ्यासातून. त्याची सुरुवात 1990 ची आणि अंतिम अहवाल 2000 सालचा. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी रेडिओसर्जरीची कल्पना 1951 मध्ये मांडली होती, पहिलं गॅमा युनिट 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथेच कामाला लागलं होतं. मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठींना एका वेळी किती मात्रा सोसते, हे पायरीपायरीने शोधणारा हा अभ्यास सुरू व्हायला त्यानंतर वीसहून अधिक वर्षं गेली. आपल्या शाखेत मशीन आधी येतं आणि पुरावा मागाहून येतो, हे ध्यानात ठेव. पुढेही तसंच होणार आहे.

आता त्या अभ्यासातले पेशंट बघ. त्या सगळ्यांच्या मेंदूला आधी एकदा रेडिएशन झालेलं होतं. काहींचा मेंदूतलाच मूळ ट्यूमर परत आला होता, बाकीच्यांचा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर पुन्हा वाढला होता. तुझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूला किरणांचा स्पर्शही झालेला नसतो. आणि मोजलं काय? मात्रा 3 ग्रेने चढवत न्यायची आणि उपचारानंतरच्या तीन महिन्यांत मेंदूला गंभीर इजा किती जणांना होते ते बघायचं. गाठ किती वर्षं दबून राहते, हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्नच नव्हता. लहान गाठींच्या गटात तर इजेची ठरवलेली मर्यादा गाठलीच गेली नाही. 24 वर सगळे थांबले, कारण 27 पर्यंत चढायची डॉक्टरांची तयारी नव्हती. म्हणजे आपण ज्याला वरची मर्यादा म्हणून पाठ करतो तो आकडा डॉक्टरांच्या सावधपणाने ठरलेला आहे. तो सावधपणा मला योग्यच वाटतो. त्याच अहवालात दोन वर्षांपर्यंत नेक्रोसिसचं, म्हणजे किरणांनी मेंदूचा भाग मरण्याचं, प्रमाण 11 टक्क्यांवर गेल्याचं दिलं आहे. हिशेब तीन महिन्यांवर मिटवला असता तर हे दिसलंच नसतं.

हे वाचून तो तक्ता काढून टाकू नकोस. मीही तोच वापरत आले. पण तो कशाचं उत्तर आहे हे कळलं की हात मोकळा होतो. गाठ मेंदूच्या देठाला चिकटलेली आहे, किंवा 12 ग्रेच्या वर मात्रा मिळणाऱ्या निरोगी मेंदूचं घनफळ दहा मिलिलिटरच्या पलीकडे चाललं आहे, तर तक्त्यात 18 लिहिलंय म्हणून 18 द्यायचे नाहीत. साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीला 15 ग्रे सोसतात हे त्या अभ्यासाने सांगितलं, पण तेवढ्याने ती दबते का, याचं उत्तर बऱ्याचदा नाही असंच येतं. अशा मोठ्या गाठींना 27 ग्रे तीन वेळांत विभागून देण्याची पद्धत आता रुळली आहे. इटलीतल्या एका गटाने 2016 मध्ये दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींचा आपला अनुभव छापला. वर्षाअखेर गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण एका वेळच्या उपचारात 77 टक्के आणि तीन वेळांच्या उपचारात 91 टक्के, नेक्रोसिस अनुक्रमे 20 आणि 8 टक्के. आकडे मोहवणारे आहेत. मीही मोठ्या गाठींना विभागूनच द्यावं या मताची आहे. फक्त ही मागे वळून केलेली तुलना आहे, चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते, हे बोर्डात सांगायला विसरू नकोस.

चिठ्ठी टाकण्यावर मी एवढी का अडते, ते ग्लायोब्लास्टोमाच्या, मेंदूतल्याच त्या जहाल कॅन्सरच्या, हकिकतीवरून समजेल. ही हकिकत प्रत्येक नव्या मुलाला सांगितली पाहिजे असं मला वाटतं. 1990 च्या आसपास एकेका मोठ्या रुग्णालयातून अहवाल येऊ लागले, की नेहमीच्या रेडिएशनला रेडिओसर्जरीची जोड दिली तर ग्लायोब्लास्टोमाचे पेशंट अपेक्षेपेक्षा बरेच जास्त जगतात. सगळीकडे उत्साह पसरला. पण रेडिओसर्जरीसाठी निवडले जात होते कोण? ज्यांची गाठ लहान, गोल, एका जागी बसलेली, जे हिंडतेफिरते, ज्यांचं वय कमी. दहावीला फक्त हुशार मुलांचेच फॉर्म भरणाऱ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, आणि त्यात शिकवणीचा वाटा किती हे कोणाला सांगता येत नाही, तसंच हे. 1993 मध्ये आरटीओजीच्याच लोकांनी एका जुन्या अभ्यासातले पेशंट पुन्हा चाळले. रेडिओसर्जरी कोणालाच दिलेली नव्हती, पण दिली असती तर कोण पात्र ठरले असते, एवढंच त्यांनी वेगळं काढलं. ते पात्र पेशंट इतरांपेक्षा जास्त जगलेले निघाले. उपचार मिळालाच नव्हता, आणि फायदा मात्र दिसत होता!

मग 203 पेशंटांवर रीतसर चाचणी झाली. अर्ध्यांना आधी रेडिओसर्जरी आणि मग नेहमीचं रेडिएशन आणि केमो, अर्ध्यांना फक्त रेडिएशन आणि केमो. 2004 मध्ये निकाल छापून आला. रेडिओसर्जरीच्या गटाचं मध्यक आयुर्मान 13.5 महिने, दुसऱ्या गटाचं 13.6. एवढी वर्षं, एवढी मशिनं, एवढ्या कुटुंबांनी कर्ज काढून केलेले उपचार, आणि आयुष्यात एका आठवड्याचीही भर नाही. ही चाचणी टेमोझोलोमाइड हे औषध रुळण्याआधीची आहे, हे खरं. त्यामुळे परत उद्भवलेल्या छोट्या गाठीसाठी एखाद्या वेळी विचार करायला जागा उरते. पण नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमाचा पेशंट पैसे घेऊन दारात उभा राहिला आणि तुझ्या संस्थेचं मशीन रिकामं असलं, तरी तू नाही म्हण. तेव्हा नाही म्हणायला बळ लागतं, आणि ते या 203 माणसांनी तुला दिलेलं आहे. आपल्या वाट्याला कोणता उपचार येणार हे चिठ्ठीवर सोडून देणाऱ्या त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमच्या बोर्डातल्या भांडणाकडे येऊ. सगळ्या मेंदूला शेक द्यायचा की नाही, या प्रश्नावर आपल्या शाखेत खूप चांगलं काम झालं आहे. जपानमध्ये एक ते चार गाठींच्या 132 पेशंटांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2006 मध्ये आला. एका गटाला फक्त रेडिओसर्जरी, दुसऱ्याला रेडिओसर्जरी आणि सगळ्या मेंदूला रेडिएशन. आयुर्मान जवळपास सारखंच निघालं. पण वर्षभरात मेंदूत पुन्हा कुठेतरी गाठ दिसण्याचं प्रमाण नुसत्या रेडिओसर्जरीत 76.4 टक्के होतं, दोन्ही दिलेल्यांत 46.8 टक्के. या एकाच निकालावरून दोन तट पडले. एक तट म्हणे, आयुष्य वाढत नसेल तर सगळा मेंदू कशाला भाजायचा? दुसरा म्हणे, नवी गाठ आली की तीच मेंदू खाते, तेव्हा ती थांबवणं म्हणजे बुद्धी वाचवणं. दोघांचंही बोलणं तर्काला धरून होतं, आणि तर्काने हे मिटण्यासारखं नव्हतं.

मिटलं ते स्मरणशक्ती प्रत्यक्ष मोजल्यावर. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात पेशंटांना बारा शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि किती आठवतात ते बघायचं, अशी साधी परीक्षा ठेवली. चार महिन्यांनी शब्द आठवण्यात ठळक घसरण होण्याची शक्यता दोन्ही उपचार मिळालेल्यांत 52 टक्के निघाली, नुसत्या रेडिओसर्जरीत 24 टक्के. 58 पेशंट झाल्यावर चाचणी मध्येच थांबवावी लागली. पेशंट थोडे, शिवाय चाचणी लवकर थांबवली की फरक फुगून दिसण्याचा धोका असतो, म्हणून मी त्यावर पूर्ण भिस्त ठेवली नव्हती. मग 2016 मध्ये अलायन्स गटाची 213 पेशंटांची चाचणी आली, एक ते तीन गाठींची. तीन महिन्यांनी बुद्धीच्या परीक्षांत घसरण नुसत्या रेडिओसर्जरीत 63.5 टक्के, दोन्ही मिळालेल्यांत 91.7 टक्के. आयुर्मानात सिद्ध होईल असा फरक नाही.

इथे जरा थांब. लोक 91.7 सांगतात आणि 63.5 गाळतात. नुसत्या रेडिओसर्जरीनंतरही दहापैकी सहा जण कुठल्या ना कुठल्या परीक्षेत घसरले. त्यात रोगाचा वाटा आहे, औषधांचा आहे, थकव्याचा आहे. रेडिओसर्जरीने डोकं शाबूत राहतं असं घरच्यांना सांगशील, आणि तीन महिन्यांनी त्या बाई कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायला लागल्या, की ते तुला खोटी समजतील. सांगायचं ते एवढंच, की सगळ्या मेंदूला दिलं तर घसरण होण्याची शक्यता याहून बरीच जास्त.

आणि 76.4 हा आकडाही गाळू नकोस, कारण आपल्याकडे खरा पेच तिथेच आहे. नुसती रेडिओसर्जरी सुरक्षित ठरली ती कशी? दर दोनतीन महिन्यांनी एमआरआय काढून, नवी गाठ लहान असतानाच पकडून, तिला पुन्हा रेडिओसर्जरी देऊन. त्या आयुर्मानाच्या समान आकड्यात हे सगळं धरलेलं आहे. दरडोई एमआरआय यंत्रं जगात सर्वाधिक असलेल्या देशांत जपानची गणना होते, तिथे हे सोपं. नंदुरबारच्या पाड्यावरून किंवा गडचिरोलीहून आलेल्या पेशंटचं काय? रात्रभर एसटीने यायचं, एक दिवस रांग, एक दिवस रिपोर्ट, सोबत येणाऱ्या मुलाची रोजंदारी बुडणार, आणि हे सगळं दर तीन महिन्यांनी. तो पेशंट दुसऱ्या एमआरआयला येणार नाही हे आधीच दिसत असेल, तर तू त्याला त्या चाचणीतला उपचार दिलेलाच नाहीस, त्यातला निम्माच दिलास. म्हणून बोर्डात गाठींची संख्या सांगतेस तसं हेही सांग: घर कुठे, येणार कसे, एमआरआय जवळ कुठे होतो, पैसे कुठून. समाजसेविकेला बोर्डात बसव. तुझ्या जिल्ह्याजवळच्या एखाद्या केंद्रात काँट्रास्टचा एमआरआय करून त्याच्या फाइल तुझ्याकडे मागवता आल्या, तर एका फोनने तू कुठल्याही नव्या मशीनइतकं काम केलंस असं मी म्हणेन.

सगळ्या मेंदूला द्यायची वेळ येणारच नाही असंही नाही. पंधरावीस गाठी विखुरलेल्या, किंवा मेंदूच्या आवरणावर रोग पसरलेला, तेव्हा द्यावंच लागतं. आवरणावर पसरलेला नसेल आणि हिप्पोकॅम्पसच्या जवळ गाठ नसेल तर तो भाग वाचवून दे, सोबत मेमँटिनची गोळी दे. 2020 मध्ये छापून आलेल्या 518 पेशंटांच्या चाचणीत हिप्पोकॅम्पस वाचवल्याने बुद्धीची घसरण कमी झाली. तेवढं प्लॅनिंग आता तुमच्या मशीनला जड नाही. आणि कधी काहीच न देणं हाही उपचार असतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वार्ट्झ चाचणीत फुप्फुसाच्या कॅन्सरचे असे 538 पेशंट होते ज्यांना शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी देण्यासारखी स्थिती नव्हती. सगळ्या मेंदूला रेडिएशन दिलेल्यांचं मध्यक आयुर्मान 9.2 आठवडे, नुसती स्टिरॉइड आणि शुश्रूषा मिळालेल्यांचं 8.5 आठवडे. नऊ आठवड्यांच्या आयुष्यातले दोन आठवडे रोज रिक्षा करून रेडिएशनला येण्यात घालवायचे का, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना शांतपणे विचारता आलं पाहिजे. "काहीतरी केल्याचं समाधान" हे घरच्यांचं दुःख आहे, ते समजून घे, पण त्याची किंमत पेशंटच्या उरलेल्या दिवसांतून वसूल करू नकोस.

सात गाठींबद्दल. मोबाइलवर उघडला होता तो पेपर बहुधा यामामोतो यांचा, 2014 चा. जपानमधली 23 केंद्रं, 1194 पेशंट, सगळ्यांना नुसती रेडिओसर्जरी. एक गाठ असलेले 13.9 महिने जगले, दोन ते चार गाठींचे 10.8 महिने, आणि पाच ते दहा गाठींचेही 10.8 महिनेच. या पेपरने खूप माणसांच्या मेंदूचं भलं केलं. तीनचा तो आकडा जुन्या चाचण्यांच्या प्रवेशाच्या अटींतून आला आणि नियम होऊन बसला होता, तुमच्या ज्येष्ठांच्या अनुभवामागेही बहुतेक तोच आहे. यामामोतोंनी त्याला धक्का दिला. पण त्यांच्याही अटी वाच. सर्वांत मोठी गाठ दहा मिलिलिटरहून लहान आणि तीन सेंटिमीटरच्या आत, सगळ्या गाठींचं मिळून घनफळ पंधरा मिलिलिटरच्या आत, पाठीच्या पाण्यात रोग नाही, पेशंट स्वतःचं स्वतः करणारा. पाच ते दहा गाठींचे पेशंट 208 होते आणि चिठ्ठी टाकलेली नव्हती, सगळ्यांना एकच उपचार होता. तेव्हा तुमच्या बाईंच्या सात गाठी वाटाण्याएवढ्या असतील तर त्या या पेपरमध्ये बसतात. त्यातल्या दोन लिंबाएवढ्या असतील तर बसत नाहीत, मग संख्या सात असो की तीन.

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटला की आणखी एक रिपोर्ट मागवायचा, ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचा. आपल्याकडे ईजीएफआरचा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त पेशंटांत सापडतो. तो असेल तर ओसिमर्टिनिबसारखी गोळी मेंदूपर्यंत पोचते आणि गाठी विरघळवते. मग रेडिओसर्जरी आधी, की गोळी देऊन वाट बघायची? 2017 मध्ये अमेरिकेतल्या काही संस्थांनी 351 पेशंटांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या. आधी रेडिओसर्जरी मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान 46 महिने, आधी सगळ्या मेंदूला रेडिएशन मिळालेल्यांचं 30, आधी नुसती गोळी मिळालेल्यांचं 25. वाचताना दहावीचे निवडक फॉर्म आठव. शिवाय ती गोळी जुन्या पिढीची होती. गाठ मोठी किंवा त्रास देणारी असेल तर आधी रेडिओसर्जरी, बारीक आणि मुक्या गाठी असतील तर गोळी आणि सहाआठ आठवड्यांत एमआरआय, असं मी करत आले. हे माझं मत आहे. बोर्डात ते मत म्हणूनच मांड, पुरावा म्हणून नको.

कानाच्या नसेवरच्या श्वानोमासारख्या साध्या गाठींत हिशेबच बदलतो. तिथे पेशंट वीसतीस वर्षं जगणार असतो, म्हणून पाच वर्षांचा निकाल म्हणजे नुसती सुरुवात. पूर्वी 16 ते 20 ग्रे देत, आणि चेहरा वाकडा होई. मात्रा 12-13 वर आणली तरी गाठ आटोक्यात राहते, हे वर्षानुवर्षं पेशंट पुन्हा पुन्हा तपासले म्हणून कळलं. नॉर्वेत नव्याने सापडलेल्या, दोन सेंटिमीटरहून लहान गाठींच्या शंभर पेशंटांवर चिठ्ठी टाकून चाचणी झाली, 2023 मध्ये छापली. लगेच रेडिओसर्जरी दिलेल्यांच्या गाठीचं घनफळ चार वर्षांनी मूळच्या 0.87 पट, वाट बघितलेल्यांचं 1.51 पट. गाठ आकसली खरी, पण ऐकू येणं, तोल, रोजचं जगणं यांत फारसा फरक नव्हता. मग पेशंटला काय हवंय? गाठ आहे या विचाराने ज्याची झोप उडते त्याचा निर्णय वेगळा, वर्षातून एक एमआरआय काढून निवांत राहणाऱ्या शिक्षिकेचा वेगळा. दोन्ही निर्णय पुराव्याला धरूनच आहेत.

उपचारानंतरचा एमआरआय तुला घाबरवणार आहे. चारसहा महिन्यांनी, कधी वर्षाने, गाठ मोठी दिसते, भोवती सूज दिसते. रेडिओलॉजिस्ट "वाढ" असं लिहितो, नातेवाईक तो कागद घेऊन तुझ्या दाराशी येतात. लगेच पुन्हा मात्रा देऊ नकोस. नेक्रोसिस असेल तर ती दुसरी मात्रा फार महाग पडते. परफ्यूजन बघ, शक्य असेल तर पेट स्कॅन कर, थोडं स्टिरॉइड देऊन सहा आठवड्यांनी पुन्हा बघ. आणि तो जुना प्लॅन उघडून या जागेला किती मात्रा गेली होती ते फिजिसिस्टच्या शेजारी बसून बघ. फिजिसिस्टला बरोबरीने वागव. प्लॅन मंजूर करताना तो "मॅडम, थांबा" म्हणाला तर थांब.

शेवटी तुझ्या स्वतःच्या आकड्यांचं. पहिल्या पेशंटपासून वही घाल. गाठीचं घनफळ, मात्रा, आधीचं रेडिएशन, तीन महिन्यांनी काय, वर्षाने काय, आणि जे परत आलेच नाहीत ते किती. ही शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. जे परत आले नाहीत त्यांना बरे झाले असं धरण्याची खोड आपल्या लोकांत फार आहे. फोन कर. मोठं संशोधन परदेशातच होतं असं मनात आणू नकोस. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मेंदूतल्या सौम्य आणि हळू वाढणाऱ्या गाठींच्या 200 मुलांवर आणि तरुणांवर चिठ्ठी टाकून चाचणी झाली. नेहमीचं रेडिएशन बरं, की गाठीपुरतं नेमकं, स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने तीस वेळांत दिलेलं? 2001 ते 2012 पेशंट घेतले, 2017 मध्ये निकाल छापला. नेमक्या रेडिएशनच्या गटात पाच वर्षांनी नव्याने हॉर्मोनचे दोष 31 टक्क्यांना, दुसऱ्या गटात 51 टक्क्यांना, बुद्धीच्या परीक्षांतही फरक, आणि गाठीवरचा ताबा सारखाच. सोळा वर्षं धीर धरून, देशभरातून आलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून, त्यांची बुद्धी आणि हॉर्मोन तपासून हे उत्तर मिळवलं आहे. तुझ्या वहीतून असं काही निघेलच असं नाही. पण तुझे 24 ग्रे तुझ्या पेशंटांना कसे लागतात, हे दुसरा कोणी तुला सांगू शकणार नाही.

तर मंगळवारच्या बोर्डात त्या बाईंसाठी एवढं घेऊन जा: सातही गाठींचं मिळून घनफळ, सर्वांत मोठीची जागा आणि माप, ईजीएफआरचा रिपोर्ट, बाकी शरीरातला रोग कितपत आवरलेला आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्या येऊ शकतील का. मुलगा म्हणेल, आईला काही सांगू नका. तू त्याला बाहेर बसवू नकोस, पण प्रश्न मात्र बाईंनाच विचार, की पुढच्या वर्षभरात तुम्हाला काय काय करायचं आहे. नातवाच्या मुंजीपर्यंत सगळ्यांची नावं आठवावीत असं त्या म्हणाल्या तर तेच तुझं मोजमाप. घनफळ पंधरा मिलिलिटरच्या आत असेल आणि त्या येऊ शकत असतील, तर मी रेडिओसर्जरीच्या बाजूने बोलेन, आणि त्या ज्येष्ठांना हेही सांगेन की सगळ्या मेंदूचं रेडिएशन पुढे लागलं तर हाताशी आहेच. प्लॅनच्या आधी पातळ कापांचा, काँट्रास्टचा नवा एमआरआय काढून घे. जुना तीन आठवड्यांचा असेल तर त्यावर मात्रा ठरवू नकोस. सातच्या नऊ झाल्या असल्या तर घाबरून जाऊ नकोस, घनफळ पुन्हा मोज, आणि आकडा मला फोनवर कळव.

तुझी,
मावशी